रिंगणीचा धूर आणि वहिनीची दाढ

माझ्या वहिनीच्या उजव्या जबड्याखाली एक वण आहे. चिंचोक्याएवढा, आत ओढल्यासारखा. बाहेरचं कोणी आलं की ती त्या बाजूनं पदर पुढे घेते. घरातल्यांसमोर घेत नाही, फक्त मी सुट्टीत आलो की पहिले दोन दिवस घेते. तो वण माझ्यामुळे आहे. घरात असं कोणी म्हणत नाही. म्हणाले असते तर कदाचित मला हे लिहावंसं वाटलं नसतं.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्यामध्ये, रस्त्यापासून बरंच आत आहे. घरात सातवीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि मुंबईच्या कॉलेजात गेलेला तर गावातलाच पहिला. आई-वडील मी लहान असतानाच गेले. दादाचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि वहिनी पंधरा-सोळाची असेल. तिनंच मला न्हाऊ-जेवू घातलं. पुढे मी शिकायला बाहेर राहिलो तेव्हा माझ्या वाटणीची शेतातली कामंही तिच्याच अंगावर गेली. राबासाठी, म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला, डोंगरातून पाल्याचे भारे आणायचे, आवणीत भाताची रोपं लावताना दिवस दिवस चिखलात वाकायचं. मी पुस्तक उघडलं की ती मुलांना गप्प करायची. पुस्तकात काय आहे हे तिनं कधी विचारलं नाही. जे आहे ते खरंच असणार, असं ती धरून चालायची.

इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी आलो. लढाईचे दिवस होते. मुरबाडची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ लागला की उतारूंनाच ती ढकलावी लागायची, म्हणून मी आसनगावला आगगाडीतून उतरून शहापूरवरून पायीच आलो. अंगणात पोचलो तर वहिनी उजवा गाल तळव्यात धरून चुलीपाशी बसली होती. तिनं हसायचा प्रयत्न केला, पण तोंड अर्धंच उघडलं. शेवटून दुसरी, खालची दाढ चार दिवस ठणकत होती. ती मशेरीची चिमूट दाढेपाशी दाबून धरायची, तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, मग पुन्हा सुरू.

दादानं कातकरवाडीतल्या म्हातारीला बोलावणं धाडलं होतं. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वीस-पंचवीस खोपटी आहेत. तिथली ही म्हातारी दाढेतला किडा काढायची. आमच्याकडे दाढ दुखते ती किड्यानंच, यात कोणाला शंका नव्हती. आपण दाताला 'कीड लागली' म्हणतो, ते या लोकांनी शब्दशः घेतलं होतं. आत खराखुरा किडा असतो, तो कुरतडतो, तो काढला की दाढ थांबते.

ती आली तेव्हा तिच्या ओच्यात भुईरिंगणीची पिवळी फळं होती. उन्हाळ्यात ही काटेरी वेल बांधावर सगळीकडे पसरलेली असते. तिनं थाळीत पाणी घेतलं, मध्ये लालभडक तापवलेली खापरी ठेवली, तिच्यावर तुपात कालवलेल्या रिंगणीच्या बिया टाकल्या आणि वरून भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकात बांबूची नळी. त्या नळीतून येणारा धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ थाळीत पडू द्यायची. मग मडकं उचललं की थाळीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगताना दिसतात. मी लहानपणी ते अनेकदा पाहिले होते आणि घाबरून माझ्याच दातांवरून जीभ फिरवली होती.

पण त्या वर्षी मी वनस्पतिशास्त्र शिकलो होतो. रिंगणीच्याच कुळातल्या एका झाडाचं बी आम्ही प्रयोगशाळेत कापलं होतं. त्यात असाच वाकडा, पांढरा अंकुर असतो. म्हातारीनं बिया खापरीवर टाकल्या, त्या तडतडल्या, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मला फार आनंद झाला, हे मी कबूल करतो. वहिनीच्या दाढेचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता.

मी म्हातारीला थांबायला सांगितलं. वहिनीला बाजूला बसवलं, नव्यानं पाणी घेतलं, खापरी पुन्हा तापवली, बिया टाकल्या, मडकं पालथं घातलं. नळीला कोणाचंच तोंड लावलं नाही. तोवर शेजारचे दहा-बारा जण अंगणात गोळा झाले होते. थोड्या वेळानं मी मडकं उचललं. थाळीत तेवढेच किडे होते. मग मी पेटीतून माझं भिंग आणलं, एक बी ब्लेडनं उभं चिरलं आणि आतला अंकुर सगळ्यांना दाखवला. उष्णतेनं बी फुटतं आणि हा बाहेर उडून पाण्यात पडतो, एवढंच. दाढेत किडा कधी नव्हताच, आणि ठणक्याला माझ्या पेटीतली लवंगेच्या तेलाची बाटली पुरे, असं मी सांगितलं.

शेजारचा म्हातारा भिंगातून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं आमी दाढंवर रिंगणी पेरीत व्हतो."

सगळे हसले. एक बाई म्हणाली की तिनं मागल्या साली या किड्यापायी शेरभर तांदूळ दिले होते, ते आता परत मागायला हवेत. आणखी हशा झाला. मी त्यांना थांबवलं नाही. उलट, ही फसवणूक आहे आणि अशानंच आपले लोक मागे राहिले, असं काहीतरी बोललो. 'फसवणूक' हा शब्द मी नक्की वापरला. तो मला आठवतो, कारण तो ऐकून म्हातारीनं प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

तिनं खापरी विझवली, नळी पुसून ओच्यात खोचली. तिच्यासाठी काढून ठेवलेले सुपातले तांदूळ तिनं घेतले नाहीत. मग ती वहिनीपाशी गेली, तिच्या जबड्याच्या खालच्या कडेला दोन बोटं लावून तशीच थोडा वेळ उकिडवी बसली.

"किड्याचं तू म्हनतोस तसं आसंल, भाऊ," ती मला म्हणाली. "पन हिचं हाड गरम लागतंय. खाली पू धरतोय. हे माज्या धुरानं जायाचं नाय आन तुज्या बाटलीनंबी जायाचं नाय. शापूरला ने दवाखान्यात."

मला वाटलं, पकडली गेली म्हणून आता अंग काढून घेते आहे. मी म्हणालो, पू असता तर सूज दिसली असती. ती म्हणाली, "दिसंल," आणि निघून गेली.

तिनं सांगितलेलं दादानं ऐकलं होतं. शहापूरच्या बाजाराला जायचंच होतं, तेव्हा दवाखान्यात दाढ काढून आणू, असं तो म्हणाला. त्याला मी अडवलं. आरोग्याच्या एका पुस्तकात मी वाचलं होतं की दात उगाच उपटू नयेत, शक्य तोवर वाचवावेत. वाक्य बरोबर होतं, ते आजही बरोबर आहे. वसतिगृहातल्या एका श्रीमंत मुलानं दाढेतलं भोक मुंबईत चांदीसारख्या मसाल्यानं बुजवून घेतलेलं मी पाहिलं होतं. वहिनीची दाढ उपटायची, आणि तिनं जन्मभर एका बाजूनं चावायचं, ही कल्पना मला मागासलेपणाची वाटली. दिवाळीत मी तिला मुंबईला नेईन, दातांच्या मोठ्या इस्पितळात दाढ भरून आणीन, असं मी सांगितलं. तोवर माझी लवंगेच्या तेलाची बाटली होतीच.

कापसाचा बोळा तेलात बुडवून दाढेच्या भोकात कसा ठेवायचा, हिरडीला कसा लागू द्यायचा नाही, हे मी वहिनीला दाखवलं. तिला समजावं म्हणून ओटीच्या भिंतीवर कोळशानं दाढेचं चित्र काढलं. वर टणक आवरण, आत पोकळी, पोकळीत शीर, खाली दोन मुळं. भोक शिरेपर्यंत गेलं की ठणका लागतो. वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. दादा म्हणाला, "आता तू डाक्टर आन आमी भगत," पण त्याच्या आवाजात कौतुकच होतं.

तिसऱ्या दिवशी ठणका थांबला. अगदी पूर्ण थांबला. वहिनी सकाळी भाकऱ्या थापताना म्हणाली, "भावजी, लय दिसानं झोप लागली." मला इतकं बरं वाटलं की मी ओढ्यावर जाऊन उगीचच पोहून आलो. गावात ही बातमी पसरली. दोघे-तिघे माझ्याकडे तेल मागायला आले. बाजाराचा दिवस आला तेव्हा दादानं पुन्हा एकदा विचारलं, न्यायची का हिला? मी म्हणालो, आता दुखतच नाही तर न्यायचं कशाला?

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की ते माझं राहिलेलंच नाही, कोणा दुसऱ्याचं असावं असं वाटतं.

जूनच्या अखेरीला मी कॉलेजात परत गेलो. श्रावणात घरचं पत्र आलं. वहिनीला लिहिता येत नाही, ती सांगते आणि शाळेचे मास्तर लिहितात. आवणी उरकली, थोरला शाळेत जातो, गाईला खोंड झाला, आणि शेवटी 'दाढ बरी आहे, काळजी नसावी, अभ्यास करावा.' मी ते पत्र वाचून पुस्तकात ठेवलं.

दाढ बरी नव्हती. हे मला दिवाळीच्या सुट्टीत समजलं.

मी अंगणात आलो तेव्हा वहिनीनं पदर पुढे घेतला. आधी मला वाटलं, कोणी पाहुणे आहेत. मग तिच्या बोलण्यात काहीतरी बदललेलं जाणवलं, शब्द एका बाजूनं येत होते. जेवायला वाढताना पदर सरकला आणि मला तो वण दिसला. तेव्हा तो अजून लालसर होता.  जेवण झाल्यावर दादानं गोठ्यात नेऊन मला सगळं सांगितलं. रागानं सांगितलं नाही. बैलांना पेंढा टाकत, मधे मधे थांबत सांगितलं.

आवणीच्या दिवसांतच वहिनीला त्या बाजूला जड वाटायला लागलं होतं. ठणका नव्हता, नुसतं जडपण, आणि तोंडाला वाईट चव. तिनं मशेरी वाढवली आणि गप्प राहिली. पत्र लिहिताना मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, बरी आहे म्हणून लिहा, भावजींनी बरी केली आहे. भाद्रपदात एका दिवसात गाल फुगला. ताप भरला. तोंड दोन बोटंही उघडेना, पेज वाटीनं ओतावी लागली. शहापूरच्या वाटेवरल्या नदीला पूर होता, गाडी जाणं शक्य नव्हतं. दादा माझ्या बाटलीतलं उरलेलं तेल लावत राहिला, कारण मी ते ठेवून गेलो होतो आणि तेच औषध आहे असं सांगून गेलो होतो.

चौथ्या दिवशी कातकरवाडीतली म्हातारी न बोलावता आली. ओढ्याला पाणी असताना आली. तिनं वहिनीच्या जबड्याला हात लावला आणि दादाला म्हणाली की आता पाऊस बघत बसलात तर बाईच उरायची नाही. तिनंच वाडीतल्या चार गड्यांना आणलं. बांबूला घोंगडी बांधून डोली केली, आणि पूर थोडा उतरताच गळ्याएवढ्या पाण्यातून डोली डोक्यावर धरून त्यांनी वहिनीला पलीकडे नेलं. शहापूरला पोचायला दिवस मावळला. पू तोवर कातडीपर्यंत आला होता. डॉक्टरांनी जबड्याखालून चीर देऊन तो काढला, ती दाढ आणि तिच्या शेजारची सैल झालेली दुसरी दाढही काढली. बारा दिवस वहिनी दवाखान्यात होती.

"तुला कळवायचं व्हतं," दादा म्हणाला. "पन ती नको म्हनली. परीक्षा आसंल म्हनली." मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "तुजा काय दोष नाय रे. दुखत नव्हतं ना."

मी घरात आलो. ओटीच्या भिंतीवर माझं कोळशाचं चित्र अजून होतं. पावसाळ्यानंतर वहिनीनं सगळी ओटी सारवली होती, भिंतीला पोतेरं दिलं होतं, पण त्या चित्राभोवती हातभर जागा तशीच सोडली होती. आवरण, पोकळी, शीर, दोन मुळं. मुळांच्या खाली मी काहीच काढलं नव्हतं. मुळांपाशी येऊन माझी रेघ थांबली होती, कारण पुस्तकातलं चित्रही तिथंच संपलं होतं. मी ओल्या फडक्यानं ते पुसायला लागलो, तर वहिनी आतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भावजी. पोरास्नी दाखवीन." मी हात मागे घेतला. अर्धं चित्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कातकरवाडीत गेलो. म्हातारी खोपटाबाहेर बसून सूप विणत होती. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तिच्यासमोर ते आठवेना. मी नुसतं म्हणालो की वहिनीला तुम्ही वाचवलंत. ती म्हणाली, डाक्टरनं वाचवलं. मग मी विचारलं, गावात अजून कोणाची दाढ दुखते का, तुम्हाला बोलावतात का?

"आता दातांचं मी बघत नाय," ती म्हणाली. सुपाची काडी ओढून घेत तिनं हळूच विचारलं, "ते किडे खरंच बियाचे व्हते, भाऊ?"

मी हो म्हणालो.

"मला माज्या सासूनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं. आमी पन तेच बघत आलो. मी फसवलं नाय रे कोनाला."

 तिनं जे आपल्या सासूवर विश्वास ठेवून केलं, तेच मी पुस्तकावर विश्वास ठेवून केलं होतं. तिला निदान आपल्या धुराची हद्द माहीत होती. शेवटी मी एवढंच विचारलं की त्या दिवशी बोट लावून तुम्हाला कसं समजलं, मला दाखवाल का.

ती हसली. "आन कोनाच्या दाढंवर दाखवू? मला दात कुठं हायत?" मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याच जबड्याच्या खालच्या कडेला दोन बोटं लावली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दोन्ही बाजू सारख्या थंड लागल्या पाहिजेत, असं तिनं सांगितलं. एक बाजू ऊन लागली, किंवा दाबल्यावर माणसाचा डोळा हलला, तर समजायचं. ठणका आहे की नाही ते बघायचं नाही. तिचे हात खरखरीत होते आणि त्यांना बांबूचा वास येत होता.

घरी आल्यावर मी वहिनीला विचारलं, आता कुठं दुखतं का? ती नाही म्हणाली. मी तिच्या जबड्याला हात लावणं आमच्याकडे बरं दिसलं नसतं, म्हणून तिला स्वतःलाच बोटं लावून बघायला सांगितलं. तिनं लावली. डाव्या बाजूला दाबलं तेव्हा तिचा डोळा हलला. "कायसुदिक नाय," ती म्हणाली.

मी तिला आणि दादाला घेऊन शहापूरला गेलो. वाट कोरडी झाली होती, गाडीनं गेलो. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वहिनीला ओळखलं आणि आधी जुनी जखम तपासली, नीट भरली आहे म्हणाले. मला राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, उजवी दाढ मे महिन्यातच आणली असती तर?

"तर पाच मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, बहुधा माझे कपडे आणि खिशातलं पेन पाहून, त्यांनी सविस्तर सांगितलं. ठणकते ती जिवंत शीर. ती कुजून मेली की ठणका बंद होतो, आणि लोक समजतात दाढ बरी झाली. खरी अडचण तिथून सुरू होते. घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरते, आणि तिथं ती दुखल्याशिवाय महिनोन् महिने राहू शकते. लवंगेचं तेल वाईट नाही, वाटेत दवाखान्यापर्यंत येताना लावावं. ते दवाखान्याऐवजी लावू नये. शीर मरण्याआधी दाढ आणली तर कधी कधी भरून वाचवता येते, त्यासाठी मुंबईला जावं लागतं. पू झाल्यावर इथं तरी ती काढणंच बरं. "दुखायचं थांबलं म्हणजे विचारायला या," ते म्हणाले, "तेव्हाच कोणी येत नाही."

हे सगळं ते मला सांगत होते, आणि मी मान हलवत होतो, आणि वहिनी लाकडी खुर्चीत मान मागे टाकून, तोंड मिटून, छताकडे बघत बसली होती. सांगून झाल्यावर ते तिच्याकडे वळले.

"हं, बाई. आता कुठं दुखतं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"भावजी सांगतील," ती म्हणाली.

तिच्या मनात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की तिच्या दाढेचं मलाच जास्त ठाऊक आहे. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. दादाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, डाव्या बाजूची, खालची, दाबल्यावर दुखते. मी ते गिळलं.

"मला ठाऊक नाही, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हालाच ठाऊक. तुम्ही सांगा."

 मला वाटलं, ती पुन्हा काही नाही असंच म्हणेल. मग तिनं पदर मागे सारला, डॉक्टरांकडे तोंड वळवलं, आणि ते उघडून डाव्या बाजूच्या एका दाढेवर बोट ठेवलं.

"हितं," ती म्हणाली. "आवणीपासनं."